वरच्या मजल्यावरच्या लॅबवाल्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही फोंड्यातली खोली सोडलीत तेव्हा सामानाचा टेम्पो दारात उभा होता, नीट बोलणं झालंच नाही. आभार मानायचे राहून गेले. ते आता सगळ्यांसमोर मानते आहे, कारण तुम्ही आमच्या आईसाठी जे केलंत ते दम्याचं औषध ओढणाऱ्या प्रत्येक घराला कळायला हवं.

आईचा दमा जुना. डॉक्टर चांगले, औषध बरोबर, सकाळ-संध्याकाळ रोटाहेलरमधून, म्हणजे कॅप्सूलमधली पूड श्वासाने ओढायच्या छोट्या नळीतून, कॅप्सूल न चुकता. तरी पाऊस लागला की तिच्या रात्री खाटेवर बसून जायच्या. त्यात आवाज बसलेला. महिला भजनी मंडळात अभंगाची पहिली ओळ उचलणारी बाई, चवथीला घुमट-आरती सुरू झाली की कडेला बसून नुसत्या टाळ्या वाजवायची. वय झालं, असं जो तो म्हणायचा. औषधाच्या दुकानातून डबी हातात पडली होती. ओढायचं कसं, हे तिला कुणी करून दाखवलं नव्हतं.

तुम्ही वेर्ण्याहून कंपनीच्या बसने दमून येत होता. त्या संध्याकाळी जिन्यात थांबलात, आईला औषध घेताना पाहिलंत आणि म्हणालात, "मावशी, उद्या परत माझ्यासमोर घ्याल?" दुसऱ्या दिवशी तिचं घेऊन झाल्यावर तुम्ही रोटाहेलर उघडलात आणि कॅप्सूलचे दोन्ही तुकडे माझ्या काळ्या छत्रीवर हलकेच आपटलेत. पांढरी पूड पडली. थोडी नव्हे, बरीच. काही तर दमट हवेने आत गोळा होऊन चिकटलेली. कॅप्सूलची बाटली स्वयंपाकघरात, चुलीच्या वाफेजवळ असायची.

मग तुम्ही तुमच्या कामाबद्दल सांगितलंत. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, औषध तपासणं म्हणजे त्यात काय काय आहे ते बघणं. तुमच्याकडे त्याहून पुढचं बघतात: औषध छातीत पोचेल का? त्यासाठी यंत्राला धातूचा घसा असतो, काटकोनात वळलेला. त्याखाली एकाखाली एक ८ थर, खालच्या थरांची भोकं बारीक होत जाणारी, आणि शेवटी फिल्टर. खालून पंप हवा ओढतो. चोर्ल्याच्या घाटात वेगात आलेला भरलेला ट्रक वळण चुकतो आणि स्कूटर सहज वळून जाते, तसंच इथे. मोठे कण घशाच्या वळणावर आपटतात, मधले वरच्या थरांवर, बारीक खालपर्यंत जातात. नंतर एकेक ताटली द्रावणाने धुवायची आणि कुठे किती औषध बसलं ते मोजायचं. १ ते ५ मायक्रॉनचे कण छातीच्या कामाचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून मोठे तोंडात आणि घशात अडकतात, फारच बारीक असतील तर बरेचसे श्वासाबरोबर बाहेर येतात.

आईच्या आवाजाचं कोडं तिथेच उलगडलं. कॅप्सूलमधलं औषध इतकं बारीक आणि चिकट असतं की ते दुधातल्या साखरेच्या जाड कणांवर बसवलेलं असतं. रुग्णाने जोरात, खोल ओढलं तर साखर घशात राहते आणि औषध सुटून पुढे जातं. आईची ओढ मंद, अडखळत. औषध साखरेला धरून घशातच बसत होतं, आणि त्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड घशात साचत राहिलं की आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. छातीला हवं ते गळ्याला मिळत होतं.

तुमचं एक वाक्य मी विसरणार नाही. "आमच्याकडे औषध पास होतं ते यंत्राच्या श्वासावर. मावशींचा श्वास कुणी तपासला?" कॅप्सूलच्या चाचणीत यंत्र ठरल्या जोराने ४ लिटर हवा ओढतं, दर वेळी तेवढीच, कधी न दमता. सत्तरीची बाई पावसाळ्यात तशी हवा कुठून ओढणार? दिवसभर ते यंत्र चालवून आलेल्या माणसाने घरी येऊन एका म्हातारीच्या श्वासाकडे तितक्याच बारकाईने बघावं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि तुम्ही औषधाला हात लावला नाहीत, हेही लिहायलाच हवं. मी विचारलं होतं, दुसरं कुठलं घेऊ? तुम्ही ठाम नाही म्हणालात. जे पाहिलंत ते एका चिठ्ठीवर लिहून दिलंत, डॉक्टरांना दाखवायला. त्यांनी ती नीट वाचली, आईला समोर ओढायला लावलं आणि फवाऱ्याचा पंप दिला, स्पेसरसकट. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी.

पंप नुसता तोंडात दाबला तर फवारा इतक्या वेगात येतो की बहुतेक औषध घशावर आदळतं. छातीत फार तर दहावा ते पाचवा हिस्सा जातो. स्पेसरच्या पोकळीत फवाऱ्याचा वेग मरतो, थेंबांतला वायू उडून ते बारीक होतात, जाड कण तिथेच राहतात. इथे ओढ उलट हवी, सावकाश. तुम्ही आईला आरशासमोर बसवून शिकवलंत: पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून एकच दाब, हळू आत, मग १० आकडे मनात मोजेपर्यंत धरून ठेवायचा. दुसरा दाब लगेच नाही. शेवटी गुळणी करून पाणी थुंकायचं. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर निसटला की तुम्ही म्हणायचात, "मावशी, हा गेला हवेत," आणि आई हट्टाने परत करून दाखवायची, रिकाम्या स्पेसरवर.

स्पेसर पुसायचा नाही, हे मात्र तिला काही केल्या पटेना. भांडं धुतलं की कोरडं करून ठेवायचं, हा तिचा जन्माचा नेम. फडक्याने घासलं की प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं, हे तुम्ही कागदाचे कपटे उचलून दाखवलंत तेव्हा ऐकली. आता साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच खिडकीत निथळत ठेवते. श्रावणात वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून दुसरा आणला आहे.

१९५५ साली अमेरिकेत दमा असलेल्या एका मुलीने वडिलांना विचारलं होतं, माझं औषध केसांच्या फवाऱ्यासारखं का येत नाही? वडील औषध कंपनीचे प्रमुख, आणि १९५६ मध्ये पहिला पंप बाजारात आला. ही गोष्ट तुम्ही चहा घेताना सांगितलीत. आई ती भेटेल त्याला सांगते.

या पावसाळ्यात ती आडवी झोपली, ताई. आवाज पूर्ण आला नाही, पण आरतीला दोन कडवी धरते. मंडळातल्या आणखी दोघींकडे पंप आहेत. एकीला आईने आरशासमोर बसवलं. दुसरीचे हात संधिवाताने आखडलेत, पंप दाबलाच जात नाही, आणि तिच्यासाठी काय करावं हे आम्हाला सुचत नाही. चवथीला कुडाळला जाताना फोंड्यावरून जालच. तेव्हा तासभर काढून या, तिला आम्ही बोलावून ठेवू.

तुमची,
खालच्या मजल्यावरची