आप्पांची पिक लाइन

प्रिय मंदार,

आप्पांच्या मणक्यातल्या जंतुसंसर्गासाठी सहा आठवडे सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक, रोज २ ग्रॅम शिरेतून, तेही घरी. परवा फोनवर तू म्हणालास, "सलाईनच लावायचं ना, शिकून घेईन." शिकशीलच. फक्त एवढं पक्कं लक्षात ठेव की दंडातून शिरलेली ती नळी, म्हणजे पिक लाइन, थेट हृदयाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शिरेत जाऊन थांबलेली असते. बाहेरच्या टोकावर, म्हणजे हबवर, जंतू बसला तर त्याला आत जायला मोकळी वाट मिळते. घरी बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

डिस्चार्जआधी डॉक्टरांना एक विचारून घे: काही दिवसांनी गोळ्यांवर भागेल का? हाडा-सांध्यांच्या संसर्गावर ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. शिरेतून औषध घेणाऱ्यांत उपचार फसण्याचं प्रमाण १४.६ टक्के निघालं, गोळ्या घेणाऱ्यांत १३.२. प्रत्येक जंतूला चालणारी गोळी असतेच असं नाही, पण विचारायला संकोच करू नकोस.

आता रोजचं काम. पंखा बंद कर, टेबल पुसून घे, साबणाने हात धू आणि नखांकडेही बघ. १ ग्रॅमच्या दोन व्हायल, म्हणजे औषधाच्या पावडरच्या छोट्या बाटल्या, लागतील. प्रत्येकीचं रबरी बूच स्पिरिटने पूस, वाळू दे, १० मिली स्टेराइल वॉटर घाल आणि पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलव. पिवळसर रंग येतो, तो ठीक. कण दिसले तर टाकून दे. काही पॅकमध्ये पाण्याऐवजी लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करायच्या औषधाची, अँपूल येते. ती स्नायूत द्यायच्या इंजेक्शनसाठी असते, शिरेत कधीही जाता कामा नये. केमिस्टने पॅक बदलून दिला की अँपूलवरचं नाव वाचल्याशिवाय फोडू नकोस.

हे औषध १०० मिली नॉर्मल सलाईनच्या बाटलीत मिसळायचं. रिंगर लॅक्टेटची बाटली दिसायला तशीच असते, पण तिच्यातल्या कॅल्शियमशी सेफ्ट्रिअॅक्सोनचा साका होतो, म्हणून ती घरात आणूच नकोस. आपल्याकडे आणखी एक खोड आहे: बाटली नीट गळत नाही म्हणून वर हवेसाठी सुई खुपसायची. त्या सुईतून घरातली हवा आणि धूळ औषधात जाते. बाटली कडक असेल तर एअर व्हेंट (हवेची गाळणी असलेलं छिद्र) असलेला सलाईनचा सेट माग. मऊ बाटली आपोआप आक्रसते, तिला भोक लागत नाही.

हब उघडण्याआधी स्पिरिट स्वॅबने १५ सेकंद घासायचा. नुसता फिरवून चालत नाही, लिंबू पिळताना मनगट वळतं तसं आवळून फिरव. मग पूर्ण वाळू दे. फुंकर मारू नकोस, तोंडातले जंतू त्यावर पडतात. वाळलेला हब शर्टाला किंवा चादरीला टेकला तर पुन्हा पहिल्यापासून.

मग नळी धुवायला १० मिली नॉर्मल सलाईनचा फ्लश, तोही १० मिलीच्याच सिरिंजने. बारीक सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी आतल्या आत फाटू शकते. थोडं ढकल, थांब, पुन्हा ढकल, म्हणजे नळीच्या भिंतीला चिकटलेलं सुटतं. जड गेलं तर जोर लावू नकोस: क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) उघडा आहे का, नळीला पीळ पडलाय का ते बघ, आप्पांना हात वर करून खोकायला सांग. तरीही जात नसेल तर हॉस्पिटलला फोन कर. फ्लशसाठी एकच मोठी बाटली आठवडाभर टोचत बसायची काटकसर मात्र नको. प्रत्येक फ्लशला नवी १० मिलीची अँपूल घे.

साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिली होतो, पाकिटावर छापलेलं असतं. तुझं एकूण १२० मिली भरेल. सेकंदाला एक थेंब ठेवलास तर ४० मिनिटं लागतील. घाई असली तरी ३० मिनिटांच्या आत संपवू नकोस, म्हणजे १५ सेकंदांत २० थेंबांपेक्षा जास्त नको. सेट जोडण्याआधी सेटच्या नळीतली हवा काढून टाक. एखादा बारीक बुडबुडा राहिला तर आप्पा घाबरतील, तू घाबरू नकोस. औषध संपल्यावर पुन्हा १० मिलीचा फ्लश, आणि क्लॅम्प सिस्टरनी दाखवलेल्या क्रमानेच. हबच्या जातीनुसार तो बदलतो.

ड्रेसिंग सात दिवसांनी सिस्टरकडूनच. मधेच सुटलं किंवा ओलं झालं तर त्याच दिवशी. नळी त्वचेबाहेर किती सेंटिमीटर आहे ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घे आणि दर ड्रेसिंगला मोजायला सांग. बाहेर सरकली तर आत ढकलायची नाही. आंघोळीला दंड प्लॅस्टिकने गुंडाळ. त्या हातावर बीपी नको, सुईही नको. दर आठवड्याला रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिव्हरच्या.

फ्लशनंतर किंवा औषध चालू असताना हुडहुडी भरली, ताप आला, तर तिथेच थांबव, लाइन वापरू नकोस आणि लगेच हॉस्पिटल गाठ. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघू नकोस. दंड सुजला, मान किंवा खांदा दुखला तर आत रक्ताची गाठ झाली असू शकते. नळी चिरली तर चिरेच्या वर, शरीराच्या बाजूला, दुमडून घट्ट धर आणि तशीच धरून जा. पातळ जुलाब दिवसाला तीनच्या वर गेले तर जुलाब थांबवायची गोळी न देता आधी डॉक्टरांना सांग.

सुया जाड झाकणाच्या प्लॅस्टिक बरणीत टाक आणि ड्रेसिंगला जाताना ती बरणी हॉस्पिटलला दे. घंटागाडीत नको, कचरा हाताने वेचणारी माणसं असतात.

पहिल्या दिवशी औषध लावताना मला व्हिडिओ कॉल कर. आप्पांशी मी नंतर बोलेन, आधी कॅमेरा हबवर धर.

तुझा,
विनय