तांडेल काका, टोकाला वळसा न घातल्याबद्दल आभार

प्रिय तांडेल काका,

सादर नमस्कार.

बोटीवरून उतरताना आम्ही सगळ्यांनी तुमचे आभार मानले, पण मनात होतं ते तेवढ्यात मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम उघडं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन शिडाच्या बोटीने बेटाच्या कडेकडेने फिरायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना चांगला तांडेल कसा असतो ते कळावं, असं मला फार वाटतं.

तुम्ही बोट उत्तम चालवता, ते तर आहेच. पण मला आभार मानायचेत ते दुसऱ्या गोष्टीचे. त्या पाण्यावर जे जे घडणार होतं, ते तुम्ही घडण्याआधी सांगत गेलात, आणि प्रत्येकाला समजेल असं सांगितलंत.

सासूबाईंचंच घ्या. त्यांना पाण्याची जन्माची भीती. केवळ नातवंडांच्या हट्टापायी त्या आल्या होत्या. निघण्याआधी तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "आजी, शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलणार. ती बुडत नसते, तिची चालच तशी असते." मग बोटीच्या तळाशी असलेल्या जड कण्याबद्दल, म्हणजे कीलबद्दल सांगितलंत. अशा बोटींच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, त्या कीलमध्येच असतो. बोट कलत जाते तशी कील तिला सरळ करायला जास्त जोर लावते, आणि शिडावरचा वाऱ्याचा जोर मात्र कमी कमी होत जातो. एवढं सांगून थांबला नाहीत. हलक्या वाऱ्यात "आता कलेल हं" म्हणून शिडाची दोरी ओढलीत. बोट कलली. दोरी सैल सोडलीत, बोट सरळ झाली. असं दोन-तीनदा करून दाखवलंत आणि मग विंचला, म्हणजे दोरी ओढायच्या चक्राला, वेढे घातलेली तीच दोरी सासूबाईंच्या हातात दिलीत. त्यांनी ती हळूच सोडली आणि बोट उभी राहिली, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. इतक्या वर्षांची भीती मी समजावून गेली नसती.

मुलांच्या लाइफ जॅकेटचं तर मी आता प्रत्येकाला सांगत असते. बकल लावलं की झालं, असं आपल्याला वाटतं. तुम्ही पायांमधून जाणारा पट्टा आवळलात आणि खांद्याच्या पट्ट्यांना धरून दोघांनाही वर उचलून पाहिलंत. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात पोर खाली राहील आणि जॅकेट वर, हे तुम्ही मुलांच्या देखत, त्यांना न घाबरवता सांगितलंत. शिवाय स्वतःचं जॅकेट आधी घातलं होतंत, त्यामुळे मुलांनी कुरकुर केली नाही.

धाकट्याला मळमळायला लागलं तेव्हा त्याला केबिनमध्ये जाऊन आडवं व्हायचं होतं. तुम्ही जाऊ दिलं नाहीत. आत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं, पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हालचाल टिपत असतो. या दोघांचं जमेनासं झालं की पोटात ढवळतं, असं तुम्ही त्याला सांगितलंत आणि सुकाणू त्याच्या हातात दिलंत. "तो लांबचा कडा दिसतोय ना, त्याच्यावरच नजर ठेव." थोड्याच वेळात त्याचा रंग परत आला. आणि तुमचा एक हात सतत त्याच्या मागे, सुकाणूच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर होता, हेही मी पाहत होते.

आता मुख्य गोष्ट. बेटाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या खाडीत मुक्काम करायचा आपला बेत होता. मुलं त्याच आशेवर होती. दुपार चढली तसा समुद्रावरून येणारा वारा वाढत गेला, आणि टोकाच्या बरंच अलीकडे तुम्ही बोट फिरवलीत. ऊन लख्ख होतं, बोट मजेत चालली होती, आम्हाला कुणालाच कसली शंका आली नव्हती. अशा वेळी पाहुण्यांना नाराज करणारा निर्णय घ्यायला मोठं धैर्य लागतं.

मुलगी हिरमुसली. तुम्ही तिची समजूत काढली नाहीत, तिला कागद दिलात. सहा तासांच्या भरती-ओहोटीत पाण्याची एकूण चढउतार बारा भागांत मोजायची: पहिल्या तासात 1 भाग, मग 2, मग 3, पुन्हा 3, मग 2 आणि शेवटी 1. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मं पाणी सरकतं. या टोकाशी प्रवाहही त्याच सुमारास सर्वांत जोरात असतो, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक होतं. तिने घड्याळ पाहून हिशेब केला. आपण टोकाशी पोचलो असतो ते नेमके त्याच वेळी, ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना आणि वारा समोरून आत येत असताना. वारा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध चालले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. "वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो," हेही तुम्ही तिला सांगितलंत, आणि दुर्बीण देऊन टोकाजवळच्या पाण्यावर दाटलेला पांढरा फेस दाखवलात. दुर्बीण खाली ठेवून ती स्वतःच म्हणाली, "आज नको." मला त्या दोन शब्दांचं फार मोल आहे. मोठ्यांनी नाही म्हटलं म्हणून गप्प बसणं वेगळं, आणि स्वतः हिशेब करून नाही म्हणणं वेगळं. हे तिला माझ्याच्याने इतक्या चांगल्या रीतीने शिकवता आलं नसतं.

मग आडोशाच्या लहान खाडीत नांगर टाकला. तिथेही, भरतीला पाणी किती चढेल ते धरून त्या खोलीच्या पाचपट साखळी सोडायची, मग इंजिन उलटं चालवून नांगर रुतला का ते पाहायचं, हे सगळं मुलांच्या हातून करवून घेतलंत. किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागचा खडक एका रेषेत धरून ठेवायला सांगितलंत. रेष मोडली तर बोट सरकतेय. रात्री मला जाग आली तेव्हा तुम्ही डेकवर उभं राहून नांगराच्या साखळीवर हात ठेवून तिची थरथर अजमावत होतात. मी काही बोलले नाही. परत जाऊन निवांत झोपले. त्या झोपेसाठीही तुमचे आभार.

पलीकडची खाडी पाहायची राहिलीच आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा चढउतार कमी असतो तेव्हा, प्रवाह मंद असताना सकाळी लवकर निघायचं, असं तुम्ही म्हणाला होतात. मुलीने पुढच्या सुट्टीतल्या तशा तारखा काढून प्रत्येकीपुढे भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या आहेत. तो कागद तुम्हाला वेगळा पाठवते. एकदा तपासून त्यातली तुमच्या सोयीची तारीख कळवा. सासूबाई येणार आहेत, आणि दोरी त्यांनाच हवी आहे.

तुमची,
धाकट्या सुकाणूवाल्याची आई