त्या पाण्यात साखर का होती

सांगली

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, पेशीपटलाचं, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचं चित्र म्हणजे शेपट्यांच्या दोन रांगा आणि मध्ये खोचलेले बटाटे. पाठ होतंय, कळत नाही." तेव्हापासून तेच मनात घोळतंय.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो ना? गावभागात पाणी चढलं, आपण मिरजेला मावशीकडे गेलो आणि तिथं तुला जुलाब लागले. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून रात्रभर घोट-घोट पाजत बसले होते. तू विचारलंस, "साखर कशाला?" मी म्हटलं, "ताकद येते." उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर तुझ्या त्या चित्रात आहे.

त्या शेपट्या मेदाच्या. पटल ज्या मेदाचं बनतं त्या फॉस्फोलिपिडच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन्ही शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे पाण्यात त्यांचा दुहेरी थर आपोआप जमतो, शेपट्या आत लपवून. हा थर घट्ट नसतो. थंडीत आपलं तूप थिजतं, शेंगतेल पातळ राहतं. तेलातल्या बऱ्याच शेपट्यांना बाक असतो, त्या दाटीनं बसत नाहीत. पटलातही असंच. म्हणून तर 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी प्रथिनं या मेदात तरंगत असल्याचं चित्र मांडलं. तुझे बटाटे म्हणजे हीच प्रथिनं; ती खोचलेली नाहीत गं, ती सरकतात!

आता मीठ. त्यातल्या सोडियमवर विद्युतभार असतो, त्याला तेलकट थरातून जाता येत नाही. साखरेतून मिळणाऱ्या ग्लुकोजलाही तिथं जवळपास मज्जावच. पण आतड्याच्या पेशीवर एक प्रथिन आहे, एसजीएलटी-1. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज जोडीनंच आत घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. नुसत्या मिठाच्या पाण्यानं हे काम नीट झालं नसतं. पेशीच्या दुसऱ्या अंगाला एक पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. आतलं सोडियम असं कमी राहतं म्हणूनच पहिलं प्रथिन चालतं.

कॉलऱ्यातसुद्धा ही जोडवाट बंद पडत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. हे वाचताना मला दर वेळी मिरजेची ती रात्र आठवते. पहाटे तुला लघवीला झाली तेव्हा मी रडले होते, तुला सांगितलं नव्हतं.

चित्र पुन्हा काढ. प्रत्येक बटाट्याशेजारी पेन्सिलीनं लिही, काय आत जातं, काय बाहेर येतं. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये.

तुझी,
आई