आमची न्हाणी करून देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सा. न. वि. वि.

"कामाचे पैसे घेतलेत ना, मग पत्र कशाला?" असं तुम्ही म्हणणार, हे माहीत आहे. पण काल आई कुणालाही हाक न मारता एकट्या आंघोळ करून बाहेर आल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "चहा टाकला नाहीस अजून?" त्यामुळे लिहिणं भाग आहे.

साताऱ्यातलं आमचं घर 1948 सालचं. न्हाणी जेमतेम चार बाय सहा, त्यात अर्धी जागा बंबाच्या ओट्याने अडवलेली. बंब कधीचा माळ्यावर गेला, ओटा आपला तिथेच. जीआयचे पाइप आतून इतके गंजलेले की कास तलावाचं पाणी जोरात आलं तरी आमच्या नळाला करंगळीएवढी धार. आईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती न्हाणी त्यांना बंदच झाली.

तुमच्या आधी आलेल्या महाशयांनी मोबाईलवर झकपक बाथरूमचे फोटो दाखवले, आगाऊ रक्कम घेतली, चांगली शहाबादी उखडली आणि तिथे पाय ठरणार नाही अशी गुळगुळीत टाइल बसवली. ढाळ दाराकडे. तांब्याभर पाणी ओतलं की माजघरात ओघळ. विचारलं तर म्हणे, "जुन्या घरात एवढं चालायचंच, मॅडम." पुढे फोन उचलणंही बंद. अहो, त्याच जुन्या घरात आजेसासऱ्यांच्या वेळच्या गवंड्याने घातलेल्या फरशीवर पाणी कधी थांबलं नव्हतं!

तुम्ही आलात, खिशातून गोटी काढून टाइलवर सोडलीत. ती घरंगळत उंबऱ्याशी गेली. तुम्ही नुसते हसलात, त्या माणसाला एक शब्द बोलला नाहीत. (आम्ही भरपूर बोललो.)

पुढच्या तोडफोडीचं नाही लिहीत. लिहायचंय ते स्टुलाबद्दल.

कमोड बसायच्या जागी तुम्ही घरातलं स्टूल ठेवलंत, खाली विटा सरकवून उंची जमवलीत आणि आईंना बोलावलंत. "आजी, मी इथं नाहीच असं समजा, आणि उठा बघू." त्यांचा उजवा खांदा आखडलेला. त्यामुळे भिंतीवर टेकला तो डावा हात, तोही तुमच्या अंदाजापेक्षा चांगला वीतभर खाली. कानामागची पेन्सिल काढून तिथेच रेघ मारलीत. परत बसवलंत, परत उठवलंत. दुसरी रेघ पहिलीला लागूनच आली तेव्हा म्हणालात, "झालं. धरायचा दांडा इथंच."

ऑपरेशननंतर आईंशी असं कुणी बोललंच नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे प्रश्न सोबतच्याला: "यांना जमेल का? यांना कळतंय का?" म्हातारं माणूस समोर बसलेलं असताना त्याच्या डोक्यावरून बोलायची पद्धतच पडली आहे, आणि ती भल्याभल्या शिकलेल्यांची. तुम्ही मात्र उकिडवे बसून, आईंकडे बघत विचारलंत. न्हाणी कोण वापरणार, हे आधीच्या महाशयांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

मातीत रचलेल्या विटांत स्क्रू धरत नाहीत म्हणून तुम्ही भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावलीत, आणि मग त्या दांड्याला स्वतः लोंबकळलात. ते बघून आई जे हसल्या, त्याचे पैसे बिलात कुठे लावलेले दिसले नाहीत.

कोपऱ्यावरच्या वहिनींना तुमचा नंबर दिलाय. त्यांच्या सासऱ्यांसाठी न्हाणी करायची आहे. आजोबा तुसडे आहेत, पण तुम्ही विचारलंत तर सांगतील. फक्त चहा इथेच पिऊन जा, त्यांच्याकडे बिनसाखरेचा असतो.

तुमची,
आजींची सून