दुसऱ्या दिवशी माशी दिसली म्हणून पुन्हा पंप भरू नका

संपादक महोदय,

पऱ्हाटीवर (कपाशीवर) डायफेन्थ्युरॉन हे कीटकनाशक फवारायचे, दुसऱ्या दिवशी पान उलटून पाहायचे आणि पांढरी माशी जागेवरच दिसली की ‘औषध लागलंच नाही’ म्हणत दुसरे काहीतरी मिसळून पुन्हा पंप भरायचा, हे दर हंगामात चालते. औषध पेशीत नेमके कुठे काम करते, हे विकणारा सांगत नाही.

पेशी साखर आणि चरबी साठवते, पण स्नायू हलवायला तिला एटीपी, म्हणजे लगेच वापरता येणारी ऊर्जा देणारा रेणूच लागतो. कणगी ज्वारीने भरली असली तरी भाकर पिठाचीच होते, तसे. आणि हे पीठ साठवता येत नाही. माणूस जोर लावतो तेव्हा स्नायूतले तयार एटीपी जेमतेम दोन-तीन सेकंद पुरते, म्हणून दळण अखंड चालू लागते. गिरणी तंतुकणिकेच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पडद्यात असते. अन्नाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेने प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पडद्यापलीकडे ढकलले जातात. ते परत येताना एटीपी सिंथेज या विकराचे (एन्झाइमचे) चाक फिरते आणि दर फेऱ्याला तीन एटीपी बनतात.

डायफेन्थ्युरॉनचे उन्हात आणि किड्याच्या शरीरात कार्बोडायइमाइड नावाचे रसायन होते. ते प्रोटॉनची ही वाटच बुजवते. कणगी भरलेली, गिरणी बंद. किडा आधी लुळा पडतो, रस शोषणे सोडतो आणि तीन-चार दिवसांनी मरतो. तोवर पानावर दिसणारच. ऊन तापल्यावर फांदी हलवून पाहा (सकाळच्या गारव्यात माशी तशीही सुस्त असते). उडाली नाही तर औषध लागले आहे. ५० टक्के भुकटी साध्या पंपाला १० लिटरला १२ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरला १८ ग्रॅम. यापेक्षा जास्त घालण्यात फवारणाऱ्याचाच धोका वाढतो.

कारण तेच चाक आपल्याही पेशीत आहे. २०१७ मध्ये यवतमाळच्या विषबाधांनंतर राज्य शासनाने ज्या पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, त्यांत हेही होते. याला खास उतारा नाही. अ‍ॅट्रोपिन चालते ते प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांवर, यावर नाही. दोन्ही एकत्र फवारले असतील आणि डॉक्टरांना एकच नाव कळले, तर उपचार अर्धवट होतात. मळमळ, घाम, चक्कर सुरू होताच कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि पंपात जे जे टाकले त्या सगळ्यांची पाकिटे दवाखान्यात सोबत न्या.

आपल्या शेतीच्या पानावर औषधाची मात्रा छापता, तिथेच परिणाम किती दिवसांनी दिसतो तेही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ