सीआरपी वाढला म्हणता, पण युनिट बघितलं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'रक्ततपासणीतून ओळखा फुफ्फुसाची सूज' हा लेख वाचला. लेख तसा बरा होता पण सीआरपीचा (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आकडा नुसता छापलाय, पुढे युनिटच नाही, आणि याच युनिटपायी आमच्या घरी दोन रात्री कुणाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणून हे पत्र.

सासूबाईंना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार. वय ७१, जन्मात कधी बिडी ओढली नाही, पण पन्नास वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी परवापर्यंत चुलीवरच तापायचं, "गॅसवर कुणी पाणी तापवतं का गं" म्हणून. जानेवारीत दम वाढला, आमच्या इथल्या लॅबमध्ये सीआरपी आला ३.२. चार दिवसांनी शहरात दुसऱ्या लॅबला केला तर २७! दिरांनी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं, आईचं इन्फेक्शन आठपट वाढलं, ॲडमिट करा. छातीच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि हसलेच. पहिला रिपोर्ट मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये, दुसरा पर लिटरमध्ये. म्हणजे पहिला खरा ३२, आणि आता २७, वाढला कुठे, उलट थोडा उतरलाच होता. नॉर्मलची रेंजही एकीकडे ०.५ च्या आत आणि दुसरीकडे ५ च्या आत अशी छापलेली होती, पण ते बारीक अक्षर वाचतं कोण. लॅबवाल्यानेही सांगितलं नाही, नुसता आकडा लाल करून दिला.

दुसरं म्हणजे सीआरपी फुफ्फुसात तयार होतच नाही, तो लिव्हर बनवतं. शरीरात कुठेही सूज आली, दाढ सुजली, गुडघा संधिवाताने धरला, तरी तो चढतो. म्हणून त्यावरून सीओपीडी आहे की नाही हे ठरत नाही, त्याला फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्रीच लागते. पंप (इनहेलर) घेतल्यावर परत फुंकायचं, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्याही खाली असेल तर निदान. सासूबाईंची ही टेस्ट व्हायला तीन वर्षं गेली, तोवर फुल बॉडी पॅकेज मात्र दोनदा करून झालं होतं!

मग सीआरपी बिनकामाचा का, तर तसंही नाही. दम अचानक वाढतो तेव्हा अँटिबायोटिक द्यायचं की नाही यासाठी तो उपयोगी पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५३ पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ साली छापून आलाय. बोटातून थेंबभर रक्त घेऊन जागेवरच टेस्ट. २० च्या खाली (पर लिटर बरं का) असेल तर अँटिबायोटिकचा फायदा होण्याची शक्यता कमी, ४० च्या वर असेल तर जास्त, मधल्यांना बेडका पिवळा-हिरवा पडलाय का ते बघून. टेस्ट न केलेल्यांत शंभरातल्या ७७ जणांनी अँटिबायोटिक घेतलं, केलेल्यांत ५७ जणांनी, आणि त्यामुळे कुणाची तब्येत जास्त बिघडली असं दिसलं नाही. आमच्याकडे मात्र दम लागला की मेडिकलवाला विचारतोसुद्धा नाही, पाच गोळ्यांची पट्टी हातात.

आणि लेखात इओसिनोफिलचा (हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) उल्लेखच नाही, हे मला जास्त खटकलं. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, तो असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. टक्क्यावर जाऊ नका, गुणाकार करा, पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ४ टक्के म्हणजे ३२० (पर मायक्रोलिटर). ३०० च्या वर असेल तर पंपातल्या स्टिरॉइडचा फायदा जास्त होतो, १०० च्या खाली असेल तर फारसा नाही, वर न्यूमोनियाचा धोका. फक्त स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त दिलं की हा आकडा खाली पडतो आणि पोटात जंत असले की चढतो, म्हणून डॉक्टरांना सगळं सांगायचं, लपवायचं नाही.

पुढच्या अंकात निदान युनिटची तेवढी दुरुस्ती छापा. सासूबाईंच्या फाईलमधल्या प्रत्येक रिपोर्टवर मी आता पेनाने 'लिटर' नाहीतर 'डेसिलिटर' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, दिरांसाठी.

आपली,
एक वाचक, विटा (जि. सांगली)