विराणीचे चरण मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ज्ञानदेवांच्या विराण्यांवरचा, म्हणजे विरहगीतांवरचा, लेख दोनदा वाचला. अर्थ मनापासून उलगडला आहे. पण 'घनु वाजे घुणघुणा' ही विराणी गद्यासारखी सलग छापलेली पाहून वाईट वाटले.

तिचे पहिले कडवे बोटांवर मोजून पाहावे. 'घनु वाजे घुणघुणा' ८ अक्षरे, 'वारा वाहे रुणझुणा' ८, 'भवतारकु हा कान्हा' ८ आणि शेवटचा 'वेगी भेटवा का' ६ अक्षरांचाच. पहिल्या तिन्ही चरणांना यमक आहे, चौथ्याला नाही. साडेतीन चरणी ओवीचीच ही ठेवण. तीन चरण नाद झुलत येतो, चौथ्याशी तुटतो, आणि विरहिणीची विनवणी येते ती नेमकी त्या तुटलेल्या जागी.

दुसऱ्या कडव्यात तर चरणभंगातच विरह आहे. 'चांदु वो चांदणे, चापे वो चंदने, देवकीनंदने' या यमकाच्या ओघात चांदण्या-चाफ्यापाठोपाठ कृष्णही आलाच असे क्षणभर वाटते. पुढच्या चरणाचा पहिला शब्द 'विण'! मी नववीच्या वर्गात ही विराणी मोठ्याने म्हणायचे तेव्हा 'देवकीनंदने'नंतर थांबत असे. मुली काही न सांगता गप्प होत. आपल्याकडे 'देवकीनंदनेविण' असे जोडून छापले गेले, त्यामुळे ती थांबण्याची जागाच राहिली नाही.

लेखात 'वेगी भेटवा का' हे पालुपद सारखे येते असे म्हटले आहे. ते मला पटले नाही. तिसऱ्या कडव्यात, चंदनाची चोळी अंग पोळते तिथे, ते पुन्हा येते हे खरे. पण चौथ्यात फुलांची शेज आगीसारखी भाजते तेव्हा ती म्हणते, 'वेगी विझवा का'. 'भेटवा' आणि 'विझवा', दोन्ही तीन अक्षरी, त्यामुळे चाल तीच राहते. कान 'भेटवा'ची वाट पाहत असतो आणि त्या जागी आग विझवायची हाक ऐकू येते. पुनरुक्तीची सवय आधी लावली म्हणून तर हा एक शब्द इतका लागतो. शेवटच्या कडव्यात आरशात स्वतःचेच रूप दिसत नाही. तिथे कुणाकडे काही मागणेही नाही, 'मज ऐसे केले' एवढेच.

पुढच्या पुरवणीत ही विराणी, चरणाला एक ओळ देऊन, पुन्हा छापावी अशी विनंती आहे. जागा कमी पडत असेल तर माझे हे पत्र गाळले तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, वाई